दोन सप्टेंबरची गोष्ट
(साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज २ सप्टेंबर. २ ऑक्टोबर म्हटले की तुम्ही सगळे चटकन सांगाल, गांधीजयंती. पण २ सप्टेंबरला काय झाले, असे विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू. माझेही तसेच होते. चाळीस वर्षे शाळेत दिनविशेष फळ्यावर लिहिले, पण या तारखेची जागा बहुधा कोरीच राहिली.

या तारखेला दोन गोष्टी घडल्या आहेत. एक १८५९ साली आणि दुसरी २०२३ साली. दोन्ही सूर्याच्या. पहिली घडली तेव्हा तिची नोंद मुंबईच्या कुलाब्याला झाली, आणि त्या नोंदवहीचा धागा पुढे आपल्या अलिबागला आला. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगायची.

आधी एक खुलासा करतो. मुंबईचा कुलाबा वेगळा आणि आपला कुलाबा वेगळा. आपल्या समुद्रात उभा आहे तो कुलाबा किल्ला. त्यावरून आपल्या जिल्ह्यालाही कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ साली आले. म्हातारी माणसे अजून बोलताना कुलाबा जिल्हा म्हणून जातात. मी ज्या वेधशाळेबद्दल बोलणार आहे ती प्रथम मुंबईच्या कुलाब्याला होती.

मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका मावशींनी मला विचारले, “गुरुजी, अलिबागला ती वेधशाळा आहे, ती पावसाचीच ना? मग आम्हाला वादळाचं आधी का नाही सांगत?” प्रश्न रास्त आहे. वेधशाळा म्हटले की आपल्याला पाऊस आठवतो. मीसुद्धा पुष्कळ वर्षे पोरांना तसेच सांगत होतो, आणि ते चुकीचे होते. अलिबागच्या किनाऱ्याजवळची ही वेधशाळा मुख्यतः पृथ्वीच्या चुंबकाची आहे. पाऊस किती पडेल हे सांगणे तिचे काम नव्हे. पण मावशी म्हणतात तसे वादळ मात्र तिथे दिसते. ते वादळ निराळे.

आता चुंबकाचे. तुमच्यापैकी जे समुद्रावर जातात त्यांना होकायंत्र माहीत आहे. आता सगळ्यांच्या होडीवर जीपीएस आले, तरी जुन्या तांडेलांनी होकायंत्रावरच बंदर गाठले आहे. त्यातली सुई उत्तर दाखवते. का दाखवते? कारण आपली पृथ्वीच एक मोठा चुंबक आहे. तो आपल्याला दिसत नाही, अंगाला जाणवत नाही. सुईला तेवढा कळतो. आपण समजतो, सुई एकदा उत्तरेला लागली की स्थिर झाली. तसे नाही. फार नाजूक यंत्र घेतले तर दिसते की पृथ्वीच्या चुंबकाचा जोर दिवसभर थोडा थोडा कमीजास्त होतो. सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. आणि कधी कधी, काही कारण दिसत नसताना, तो एकदम घसरतो. तासाभरात उतरतो आणि मग दोनतीन दिवस हळूहळू सावरतो. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात. यात वारा नसतो, पाऊस नसतो. झाडाचे पानही हलत नाही.

मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली. जहाजांना बरोबर वेळ कळावी, ताऱ्यांचे वेध घ्यावेत, हा तिचा उद्देश. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकाची मोजणी सुरू झाली.

त्या सुरवातीच्या दिवसांत तिथे आपला एक माणूस काम करीत होता. केरू लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणत. जन्म आपल्या शेजारच्या नागावचा, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा. म्हणजे अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या वाडीतला मुलगा. मुंबईला शिकला आणि अगदी तरुण वयात कुलाब्याच्या वेधशाळेत लागला. तिथे ऑर्लिबार नावाचे साहेब होते, त्यांच्या हाताखाली त्याने सुमारे दहा वर्षे वेध घेतले आणि आकडे लिहिले. पुढे केरूनाना पुण्यास प्रोफेसर झाले. त्यांनी ग्रहांचे गणित करण्यासाठी मराठीत कोष्टकांचे पुस्तक लिहिले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. टिळकांचे गणित चांगले होते हे तुम्ही ऐकले असेल, ते असे. नागावला जाणारे पर्यटक खूप वाढले आहेत, पण केरूनानांचे नाव विचारणारा मला अजून भेटलेला नाही. असो.

१८५९ साली केरूनाना कुलाब्याला नव्हते. वेधशाळेचे काम मात्र चालूच होते. आता त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला इंग्लंडात काय झाले ते पाहू.

रेडहिल नावाच्या गावी रिचर्ड कॅरिंग्टन म्हणून एक गृहस्थ रोज सूर्यावरचे डाग कागदावर उतरवून घेत. सूर्याकडे थेट बघत नसत बरे का. तसे कुणी करूही नये, डोळे जातात. दुर्बिणीतून सूर्याचे चित्र पडद्यावर पाडायचे आणि त्यावरून डाग काढायचे. त्या दिवशी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास डागांच्या एका मोठ्या पुंजक्यात त्यांना एकदम दोन पांढरेशुभ्र, झगझगीत ठिपके दिसले. त्यांना वाटले, पडद्याला भोक पडले की काय. खात्री झाली तेव्हा ते साक्षीदार बोलवायला धावले. मिनिटभरात परत आले तो ठिपके फिके पडू लागलेले. पाच मिनिटांत खेळ खलास. सुदैवाने त्याच वेळी हॉजसन नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थांनीही ते पाहिले होते, नाहीतर कॅरिंग्टनवर कोण विश्वास ठेवता!

आपल्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. रात्र गेली. दुसरा दिवस उजाडला, २ सप्टेंबर. सूर्यावरून निघालेला तप्त कणांचा लोंढा साडेसतरा तासांत पृथ्वीवर येऊन आदळला. एरवी अशा लोंढ्याला दोन ते चार दिवस लागतात.

त्या दिवशी अमेरिकेत आणि युरोपात तारायंत्रांची दाणादाण उडाली. तारखात्यातल्या माणसांना विजेचे झटके बसले, कुठे कागद पेटले. बोस्टन आणि पोर्टलंड या गावांमधल्या तारबाबूंनी तर आपल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि आकाशातून तारेत उतरलेल्या विजेवरच एकमेकांना निरोप पाठवले. ध्रुवाकडच्या देशांत रात्री आकाशात रंगीत उजेड दिसतो. तो त्या वेळी खाली क्यूबा बेटापर्यंत दिसला.

आणि मुंबईला? मुंबईला सकाळचे दहा-अकरा वाजलेले. लख्ख दिवस. बाहेर कुणाला काही कळले नाही. बंदरात जहाजे लागत होती, बाजार भरला होता. फक्त वेधशाळेच्या बंद खोलीत सुई घसरू लागली.

ती मोजणी कशी होत असे ते नीट समजून घ्या. एक चुंबक बारीक धाग्यांनी टांगलेला. त्याला एक छोटा आरसा लावलेला. चुंबक केसभर फिरला की आरसा फिरतो. निरीक्षक दूर बसून लहान दुर्बिणीतून त्या आरशात मोजपट्टीचे आकडे वाचतो. दूर का? तर त्याच्या खिशातल्या किल्लीने किंवा चाकूनेही चुंबक बिघडेल. वाचलेला आकडा आणि घड्याळातली वेळ वहीत लिहायची. एरवी हे काम तासातासाने. वादळ दिसले की वाट पाहायची नाही, पाच-दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पुन्हा वाचायचे. त्या दिवशी कुलाब्याच्या माणसांनी तसेच केले.

आकडा किती पडला? पृथ्वीच्या चुंबकाचा जोर नॅनोटेस्ला या मापात मोजतात. वजनाला जसा ग्रॅम, तसे हे माप समजा. साधे वादळ आले तर आपल्याकडे पन्नास-शंभर नॅनोटेस्लाने जोर उतरतो. तीनशे-चारशेने उतरला तर ते भयंकर वादळ, वर्षानुवर्षांत एखादे. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याला जोर उतरला सुमारे सोळाशेने. युरोपात काही वेधशाळांत त्या वेळी छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रे बसली होती. त्यांची रेघ कागदाच्या बाहेर निघून गेली. कुलाब्याला मात्र माणूस डोळ्यांनी वाचून हाताने लिहीत होता. ते आकडे राहिले.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

नोकरीला लागून दुसरेच वर्ष होते. शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवलेला होता. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी काचेच्या मापाने मोजून नोंदवहीत लिहायचे, हे काम माझ्याकडे. एका जुलै महिन्यात रात्रभर कोसळत होता. सकाळी पाणी मोजायला लागलो तर संपेना. माप भरून ओततो, पुन्हा भरतो, पुन्हा ओततो. बेरीज केली ती २८४ मिलिमीटर. मला वाटले, हे शक्य नाही. पोरांनी रात्री नाहीतर पहाटे त्यात तांब्याभर पाणी ओतले असणार. आमच्याकडे तशी दोनतीन रत्ने होती. शिवाय भीती अशी की, हा आकडा वर गेला तर कुणीतरी विचारील, मास्तर, झोपेत मोजलंत काय? म्हणून मी आपल्या मनाने ११० लिहिले. सुवाच्य अक्षरात, सही करून.

आठ दिवसांनी कामासाठी तालुक्याच्या गावी गेलो. तिथे बोलता बोलता कळले की आजूबाजूच्या दोन ठिकाणी त्या दिवशी तितकाच पाऊस मोजला गेला होता. पोरांनी काही केले नव्हते. मी त्यातल्या एकाला छडीही मारली होती. आकडा दुरुस्त करायला गेलो असतो तर सगळे कबूल करावे लागले असते. मी गप्प राहिलो. त्या पोराची माफी मागितली ती पुष्कळ वर्षांनी, तो स्वतः बाप झाल्यावर. तो हसला आणि म्हणाला, “गुरुजी, मला तर आठवतही नाही.” मला आठवत होते.

म्हणून कुलाब्याच्या त्या माणसांबद्दल मी वाचले तेव्हा थांबलोच. त्यांनाही वाटले असेल, यंत्र बिघडले, धागा तुटला, कुणीतरी लोखंड आणले. सोळाशे हा आकडा विश्वास बसण्यासारखा नव्हताच. तरी त्यांनी जो दिसला तो लिहिला, वेळेसकट लिहिला, आणि पुढचा आकडा वाचायला पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

पुढे त्या वह्यांचे काय झाले? १८९६ साली नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे पारशी गृहस्थ कुलाबा वेधशाळेचे प्रमुख झाले. त्या जागेवरचे ते पहिले हिंदी माणूस. मौज पाहा, त्यांचा जन्मही १८५९ सालचाच. त्यांच्या काळात एक संकट आले. मुंबईत घोड्यांच्या ट्राम होत्या, त्या जाऊन विजेच्या ट्राम येणार असे ठरले. घोड्याने चुंबकाचे काही बिघडत नाही, पण विजेची ट्राम गेली की सुई थरथरणार. मग सूर्यामुळे हलली की ट्राममुळे, कसे ओळखणार?

तेव्हा शहरापासून दूर, पण फार दूर नाही, अशी जागा शोधली. ती आपली अलिबाग. कुलाब्याहून सुमारे तीस किलोमीटर. तेव्हा इथे ट्राम नव्हती आणि पुढेही येणार नव्हती. इमारत बांधताना आणखी एक काळजी घेतली. आपल्या कोकणचा काळा दगड मजबूत खरा, पण त्यात लोहाचा अंश असतो, तो चुंबकाला बाधतो. म्हणून पोरबंदरचा दगड आणला. ज्या गावात पायाखाली, घराखाली, कुंपणाला सगळीकडे काळा दगड, तिथे जहाजाने गुजरातचा दगड आणायचा! त्या वेळी गावातले लोक काय म्हणाले असतील ते तुम्हीच मनात आणा. १९०४ साली अलिबागचे काम सुरू झाले. पण मूससाहेबांनी कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजले, दोन्ही वह्या ताडून पाहिल्या, आणि मगच १९०६ साली कुलाब्याची मोजणी थांबवली. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली. ती ट्रामही १९६४ साली बंद झाली, पण अलिबागची सुई आजतागायत चालू आहे. कुलाबा आणि अलिबाग मिळून पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळाची ही नोंद आहे. जगात इतकी लांब नोंद फार थोड्या ठिकाणी आहे.

या वेधशाळेचा कारभार पाहणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आता आपल्याच जिल्ह्यात, नव्या पनवेलला आहे. तिथल्या लाखिना आणि शोभना अॅलेक्स या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर १८५९ च्या त्या जुन्या नोंदी पुन्हा काढल्या आणि २००३ साली त्यांच्यावर निबंध छापला. १४४ वर्षांनी! त्यावरून जगाला कळले की हे वादळ नक्की केवढे होते. शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. कुणी म्हणते, तासाची सरासरी धरली तर घसरण सोळाशेपेक्षा बरीच कमी येते. कुणी म्हणते, त्यात आकाशातल्या दुसऱ्या एका विद्युतप्रवाहाचाही हात असेल. वाद चालू दे. तो करता येतो, कारण करायला आकडा आहे.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, एवढी सुई हलली तर आमचे काय बिघडले? १८५९ साली काही बिघडले नसते. घरात वीज नव्हती. पण १९८९ च्या मार्च महिन्यात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अशाच वादळाने वीज गेली. साठ लाख लोक नऊ तास अंधारात, आणि तिकडची थंडी! ते वादळ १८५९ पेक्षा लहान होते. आता तर आपल्या होडीचे जीपीएस आकाशातल्या उपग्रहांवर चालते. सूर्याचे वादळ आले की त्याचा आकडा चुकू शकतो. अंधारात खडकाच्या बाजूने येणाऱ्या तांडेलाला पाचपन्नास मीटरची चूकही परवडत नाही. २०२४ च्या मे महिन्यात, १० आणि ११ तारखेला, असे मोठे वादळ आले होते. लडाखमध्ये हानले येथे रात्री आकाश तांबडे झालेले दिसले. आपण त्या रात्री उकाड्याने हैराण होऊन अंगणात झोपलो होतो.

आता दुसरा २ सप्टेंबर, २०२३ सालचा. त्याआधी दहाच दिवस, २३ ऑगस्टला, चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले होते. ते तुम्ही सर्वांनी पाहिले, पेढे वाटले. त्या गडबडीत ही दुसरी बातमी जरा मागे पडली. २ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ५० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ हे यान निघाले, सूर्यावर पाळत ठेवायला. ते सूर्यावर जाणार नाही. सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटर. हे यान गेले पंधरा लाख किलोमीटर, म्हणजे त्या वाटेचा शंभरावा हिस्सा. तिथे एक अशी जागा आहे की यान पृथ्वीबरोबरच सूर्याभोवती फिरत राहते आणि मध्ये कधी ग्रहण येत नाही. ६ जानेवारी २०२४ रोजी ते तिथे पोचले. त्यावर सात यंत्रे आहेत. सूर्याची चित्रे घेणारे एक यंत्र पुण्याच्या आयुका संस्थेने तयार केले आहे. आणि एक यंत्र आहे चुंबकत्व मोजणारे. कुलाब्याला धाग्याने टांगले होते, त्याच कामाचे.

सूर्यावरून लोंढा निघाला की तो आधी या यानावरून जातो आणि मग अर्ध्या-पाऊण तासाने पृथ्वीवर येतो. तेवढा वेळ हातात मिळतो. कॅरिंग्टनला ठिपके दिसले होते, पण त्यांचा सुईशी संबंध आहे हे त्याला छातीठोकपणे सांगता आले नव्हते. त्याने सावधपणे लिहिले. एकदा घडले म्हणून नियम झाला असे म्हणू नये, असे त्याचे मत. तेही बरेच झाले.

या सुईचा अवकाशाशी संबंध नवा नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारताचे पहिले अग्निबाण केरळात थुंबा येथून उडाले. थुंबाच का? कारण पृथ्वीच्या चुंबकाची मधली रेषा तिथून जवळून जाते. आपल्याकडे मोकळी टांगलेली सुई टोकाने थोडी खाली झुकते, तिथे ती जवळजवळ आडवी राहते. थुंबा हे मच्छीमारांचे गाव. त्या लोकांनी आपली जागा आणि आपले चर्च या कामासाठी दिले. चर्चमध्येच पहिले कार्यालय थाटले. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेतानाचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. समुद्रावर जाणाऱ्या लोकांनी आपले देऊळ रिकामे करून देणे ही लहान गोष्ट नाही. तुम्हाला ती मी समजावून सांगायला नको.

बराच वेळ झाला. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आले असेल असे वाटते. समुद्रावरच्या वादळाचा इशारा हवामान खाते देते, तो ऐकूनच होडी काढा.

मी आज एक होकायंत्र आणले आहे, ते टेबलावर ठेवतो. एकेकाने यावे, सुई कुठे थांबते ते पाहावे. मग जवळ एक खिळा न्यावा आणि सुई किती सरकते ते पाहून आपल्या वहीत लिहावे. शेजाऱ्याच्या वहीत पाहू नका. येताना किल्ल्या आणि मोबाईल मात्र बाकावर ठेवून या.